मान न धरणारं वासरू

श्रीवत्स रोज सकाळी बंगळुरातल्या राजाजीनगरहून एचएसआर लेआउटला गाई पैदा करायला जातो, असं त्याची बायको वीणा शेजाऱ्यांना सांगायची आणि शेजारी हसायचे. सांगण्यात खोटं तसं काही नव्हतं. यशवंतपूरच्या एका कारखान्यात पगाराचे आणि गोदामाचे प्रोग्रॅम लिहिण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला कोण नोकरी देणार, अशी चिंता घरात होती. पण एका लहानशा कंपनीला जुन्या पद्धतीचा, चिकाटीचा प्रोग्रॅमर हवा होता, आणि त्यांनी ह्याला घेतलं.

तिथे पशुपैदास केंद्रांसाठी एक सॉफ्टवेअर तयार होत होतं. खऱ्या गाईंवर प्रयोग करायचा तर कालवड वयात येऊन विण्यातच तीन-चार वर्षं जातात. दहा पिढ्या बघायच्या म्हटलं तर शास्त्रज्ञाचा जन्म पुरत नाही. म्हणून हे लोक कॉम्प्युटरमध्ये खोटा कळप मांडायचे. त्यातल्या प्रत्येक जनावराला गुणसूत्रांच्या जोड्या. वासराला त्यातलं एक आईकडून मिळणार, एक बापाकडून. कोणतं मिळणार ते नाणं उडवून ठरावं तसं कॉम्प्युटर ठरवायचा. मग कोणता वळू ठेवला तर दूध वाढतं, एकाच वळूची फार वासरं झाली तर पुढे काय बिघडतं, हे शंभर पिढ्यांपर्यंत एका दुपारीत दिसायचं. श्रीवत्सला खरी गाय म्हणजे गल्लीच्या तोंडाशी केळीच्या सालींवर उभी असते तेवढीच ठाऊक. त्याच्या लेखी जनावर म्हणजे शून्य, एक आणि दोन अशा आकड्यांची लांबलचक ओळ होती. वाईट जनुक नसेल तर शून्य, एका बाजूनं आलं तर एक, दोन्हीकडून आलं तर दोन.

गाईंचं शास्त्र त्याला शिकवायची ती प्रांजली. पुण्याची, तिशीतली, पशुवैद्यकाची डॉक्टरेट केलेली. बंगळुरात मराठी बोलणारा सहकारी मिळाला म्हणून ती खूश झाली होती, पण त्याचं मराठी ऐकून पहिल्या दिवशीच गोंधळली.

"सर, तुम्ही नक्की कुठले?"

"इथलाच की. तीनशे वर्षं झाली आम्हाला येऊन. स्वल्प कन्नड मिसळतं, सांभाळून घ्या."

डिसेंबरातली गोष्ट. एका पैदास केंद्राकडून नवी मागणी आली होती. त्यांच्या कळपात काही वासरं जन्मतःच दुबळी निघत होती आणि दोन महिन्यांच्या आत मरत होती. असा दोष कळपात कसा पसरतो आणि वळू बदलले तर किती पिढ्यांत आटोक्यात येतो, हे दाखवणारा भाग सॉफ्टवेअरमध्ये घालायचा होता. दोष काय आहे ते नीट कळावं म्हणून प्रांजलीनं त्याला आपल्या लॅपटॉपवर एक व्हिडिओ दाखवला.

पेंढ्यावर एक वासरू पसरलेलं होतं. पुढचे पाय दोन दिशांना फाकलेले. डोळे मात्र टपोरे, लख्ख. कुणीतरी बाटली पुढे केली तसे त्याचे कान हलले, जीभ बाहेर आली. त्यानं मान उचलायचा प्रयत्न केला. मान जराशी वर आली, थरथरली आणि एका बाजूला कलंडली. पडल्या पडल्या ते बाटली धरणाऱ्या हाताकडे बघत राहिलं.

"बघा ना सर, किती अलर्ट आहे," प्रांजली सांगत होती. "मेंदू एकदम ओके असतो. भूक लागते, माणूस ओळखतं. फक्त स्नायूंपर्यंत निरोपच पोचत नाही. मग हळूहळू छातीचे स्नायू दमतात, कफ साठतो आणि न्यूमोनिया होऊन जातं. गोठेवाल्याला वाटतं, गारठा लागला."

श्रीवत्स स्क्रीनकडे वाकला. मग म्हणाला, "परत लाव."

तिनं परत लावला.

"ह्याचे आईबाप?"

"धडधाकट. दोघांकडे वाईट जनुकाची एकेकच प्रत असते ना, त्यांना काही होत नाही. दोघांची वाईट प्रत एकाच वासरात आली की संपलं. एरवी अशी गाठ पडणं कठीण. पण गाय आणि वळू नात्यातले असले की मग पडते."

"माणसांत होतं असं?"

"होतं ना. अगदी हेच होतं. बाळं मान धरत नाहीत, आणि..." प्रांजली बोलता बोलता थांबली, कारण श्रीवत्सनं चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि तो खिडकीबाहेर बघत होता. "सर? बरं वाटत नाहीये का?"

"स्वल्प घरी जातो आज," तो म्हणाला.

वीणा ही श्रीवत्सच्या मामाची मुलगी. राजाजीनगरात दोन गल्ल्या सोडून दोन्ही घरं, त्यामुळे दोघं एकत्रच वाढले. पुढे तिच्यासाठी धारवाडचं एक चांगलं स्थळ चालून आलं, तेव्हा तिनं बापाला सरळ सांगितलं, की वत्साशीच करून द्या, नाहीतर राहू द्या. श्रीवत्सच्या आईला, अनुसूयाक्कांना, भावाची मुलगी सून म्हणून येणार ह्याचा इतका आनंद झाला की त्यांनी आपल्या लग्नातला शालू तिला नेसवला. माणसांसमोर ती त्याला अहो म्हणायची, एकटी असली की वत्सा.

त्यांना ऋचा झाली. गोरी, काळ्याभोर डोळ्यांची, हसरी. कुणी खोलीत आलं की तिचे डोळे त्याच्यामागे दारापर्यंत जायचे. पण ती पाय झाडायची नाही, आणि चार महिने उलटले तरी तिनं मान धरली नाही. काही मुलं उशिरा धरतात, असं सगळे म्हणाले. जानेवारीत तिला सर्दी झाली, छाती भरली, आणि घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नेल्यावर दोन दिवसांत ती गेली. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले.

सर्दी झाली त्याच्या आदल्या संध्याकाळी वीणानं तिला अंघोळ घातली होती आणि खोलीची खिडकी लावायची राहिली होती.

अनुसूयाक्का त्यावरून कधी रागावल्या नाहीत. भेटायला येणाऱ्याला त्या हळू आवाजात सांगायच्या, "स्वल्प गारठा लागला कूसूला, बाळाला. आमची वीणाही लहानच ना, तिला कळलं नाही." इतक्या मायेनं सांगायच्या की ऐकणाऱ्याला वीणाचीच कीव यायची. हे वाक्य वीणानं पहिल्या वर्षात इतक्यांदा ऐकलं की ते तिच्या हाडात गेलं. शेजारच्या बाळंतिणीकडे ती ओटी भरायला जायची, पण बाळ हातात घ्यायची नाही. दुसऱ्या मुलाचा विषय श्रीवत्सनं दोन-तीनदा काढून पाहिला. शेवटच्या वेळी ती म्हणाली होती, "मला मूल सांभाळता येत नाही, वत्सा. एक बघितलंस की." त्यानंतर त्यानं विषय सोडून दिला. ती सहकारी बँकेत लागली. सोळा-सतरा वर्षं गेली. तिनं पंचेचाळिशी गाठली.

आता श्रीवत्सपुढे प्रश्न होता, सांगायचं की नाही. रविवारी सकाळी भाजी आणायला म्हणून दोघं बाहेर पडले, तेव्हा त्यानं तिला पार्कात नेलं आणि बाकावर बसवून सगळं सांगितलं. व्हिडिओतलं वासरू, त्याची मान, त्याचे डोळे. वाईट प्रत त्याच्याकडे असणार आणि तिच्याकडेही, कारण दोघांचे आजोबा-आजी एकच.

वीणानं मधे एकदाही थांबवलं नाही. त्याचं बोलणं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे खिडकी?"

"खिडकीचा काही संबंध नव्हता. खिडकी लावली असतीस तरी ती गेली असती. महिन्याभरानं, दोन महिन्यांनी."

"माझं काही चुकलं नव्हतं?"

"नाही."

"अंघोळीचं पाणीसुद्धा?"

"नाही गं, वीणा."

तिनं पदर तोंडावर घेतला आणि ती रडली. फेऱ्या मारणारी माणसं वळून बघत होती. श्रीवत्सला वाटलं, बरं झालं, इतक्या वर्षांचं ओझं उतरतंय. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. पण रडणं ओसरल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "दुसरं झालं असतं, तर त्यालाही हेच झालं असतं?"

इथे तो खोटं बोलू शकला असता. नंतर कितीदा तरी त्याला वाटलं की तिथे आपण खोटं बोलायला हवं होतं. पण आठवडाभर तो तेच गणित कॉम्प्युटरवर चालवत होता, आणि त्याच्या तोंडून खरं तेच निघालं.

"चारात एकाला झालं असतं."

वीणा बँकेतली बाई. तिला वजाबाकी करायला वेळ लागला नाही.

"म्हणजे तीन चांगली निघाली असती."

"चारात तीन चांगली निघण्याची शक्यता, असं..."

"कळलं मला." ती उठली. "आणि मी नको म्हटलं."

भाजी न घेताच दोघं घरी आले. त्या दिवसापासून ती बदलली. आधी ती स्वतःला दोष देत होती, त्यात तिला निदान बसायला एक जागा होती. आता तीही गेली. जेवताना मधेच थांबून म्हणायची, "आता दहावीला असतं." श्रीवत्सनं समजावलं, की आपला नुसता अंदाज आहे, चुकीचाही असेल. तर तिनंच हट्ट धरला, "मग रक्त तपासू." दोघं तपासून आले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नीट समजावणाऱ्या. दोघांच्याही रक्तात त्या दोषाची एकेक प्रत होती. "तेव्हा कळलं असतं तर पुढच्या खेपेला पोटातच तपासता आलं असतं," असं त्या सांगायला गेल्या आणि वीणाचा चेहरा बघून गप्प झाल्या.

कंपनीतलं काम श्रीवत्सनं पुरं केलं. दोन आकडा पडलेलं वासरू कळपातून काढून टाकायचं, अशी ओळ त्याला लिहायची होती. ती त्यानं लिहिली. प्रांजलीला त्यानं काही सांगितलं नाही, पण एकदा ती आपणहून त्याच्या टेबलाशी आली, म्हणाली, "सर, मी त्या दिवशी फार पटापट बोलत गेले. सॉरी." तिला कितपत कळलं होतं कोण जाणे. तो म्हणाला, "तू बरोबरच सांगितलंस की," आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला.

अक्कांना सांगायचं राहिलं होतं. त्या ऐंशीच्या पुढे गेलेल्या, पण कान आणि बुद्धी शाबूत. सांगावं असं श्रीवत्सला वाटत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला आता कशाला. पण वीणा म्हणाली, "सांगायचंच. मी सोळा वर्षं ऐकलं, त्यांनी एकदा ऐकावं."

अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे दिवस होते. अक्का स्वयंपाकघरात पाटावर बसून भिजवलेले दाणे चिमटीत दाबून साली काढत होत्या. वीणा ओट्यापाशी उभी. श्रीवत्स आईसमोर खाली बसला आणि त्यानं जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. वासराचं सांगताना मान कशी कलंडायची ते हातानं दाखवलं.

अक्कांचे हात थांबले. 

"आमच्या गुंडाला असंच होतं," त्या म्हणाल्या.

"कोण गुंडा?"

"माझा भाऊ. माझ्या पाठचा. मी सहा वर्षांची होते. चटईवर ठेवला की ओल्या पंच्यासारखा पडून राहायचा. डोळ्यांनी हसायचा. मान धरलीच नाही त्यानं." त्यांनी एक दाणा दाबला, साल वेगळी केली. "तो गेल्यावर आईनं मला आणि अण्णाला बजावलं, असं मूल झालं होतं हे कुठे बोलायचं नाही. मुलींची लग्नं व्हायची नाहीत."

अण्णा म्हणजे अक्कांचा थोरला भाऊ, वीणाचा बाप. तो जाऊन पाच वर्षं झाली होती. वीणा ओट्याला टेकली.

"अत्या," ती म्हणाली, "ऋचाचं तुम्हाला कधी कळलं?"

अक्कांनी दुसरा दाणा उचलला.

"अत्या, मी विचारतेय."

"दुसऱ्या महिन्यात," अक्का म्हणाल्या. "उचलून घेतली की कळायचं. गुंडाही असाच लागायचा हाताला. अण्णालाही कळलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो, बोलायचो नाही."

"मग खिडकी कशाला म्हणालात?"

"काय म्हणू?" अक्कांचा आवाज चिरकला. "खिडकी म्हटलं तर तुझ्या एकटीवर गेलं. गुंडाचं बोलले असते तर सगळ्या घराण्यावर गेलं असतं. तुझ्या धाकट्या दोघी बहिणींची लग्नं व्हायची होती तेव्हा. मला वाटलं, तू माझीच आहेस, तू सोसशील. पुढच्या वर्षी दुसरं होईल, विसरशील सगळं. तू दुसरं नकोच म्हणशील असं मला काय ठाऊक?"

"आणि मी नको म्हटल्यावर? तेव्हा तरी सांगायचं होतं."

 अक्कांनी दाण्यांची वाटी पुढे सरकवली, उठायला गेल्या, आणि उठता आलं नाही तशा तिथेच बसून राहिल्या. श्रीवत्सनं त्यांना हात दिला. वीणाला तशीच उभी सोडून आईचा हात हातात घेताना त्याला आपलाच तिटकारा आला, आणि हात सोडणंही जमेना. वीणा खोलीत निघून गेली.

त्यानंतर वीणा अत्याशी बोलली नाही. ताट वाढायची, गोळ्या काढून ठेवायची, न्हाऊ घालायची, सगळं पूर्वीसारखं. पण तोंडातून शब्द नाही. अक्कांनी एक-दोनदा तिचा पदर धरून ठेवला. तिनं तो हळूच सोडवून घेतला. उगादी आली, म्हणजे पाडवा. कडुनिंब-गुळाचं बेवु-बेल्ल वाटतानाही वीणानं अक्कांची वाटी नुसती समोर ठेवली. श्रीवत्स दोघींच्या मधे वावरायचा. एकीची बाजू घ्यावी तर दुसरी तुटायची. खरं तर तोही मोडला होता, पण त्या घरात त्याच्या दुःखाला बसायला जागा शिल्लक नव्हती. कामावर खोट्या गाई वीत होत्या, धडधाकट वासरं स्क्रीनवर उतरत होती, आणि तो डबा न उघडताच परत आणायचा.

मेमध्ये एका सकाळी वीणा त्याला म्हणाली, "मला तिच्याकडे ने."

लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. ऋचाला न्यायला श्रीवत्स आणि मामाच गेले होते. बायकांनी स्मशानात यायची रीत नव्हती. वीणानं तेव्हा दारातूनच पाहिलं होतं. आज ती साडी बदलून, हातात मल्लिगेची म्हणजे मोगऱ्याची माळ घेऊन निघाली. रिक्षातून उतरल्यावर श्रीवत्स आत शिरला आणि फाटकापाशीच थबकला. काहीच ओळखीचं नव्हतं. नवी भिंत, नवी शेड, फरशी घातलेली वाट. त्याला आठवत होतं ते एवढंच, की उजव्या हाताला एक होंगेचं, करंजाचं, झाड होतं आणि मामानं एक दगड ठेवला होता. आता तिथे एकाच आकाराची चार-पाच झाडं उभी होती. दगड तर जिकडे तिकडे.

रखवालदार रघुपती म्हातारा होता, तोच तेव्हाही होता का ते श्रीवत्सला आठवेना. श्रीवत्सनं कन्नडमध्ये विचारलं. त्यानं हातानंच कोपरा दाखवला. लहान मुलं सगळी तिकडे, म्हणाला, पण जागा पुरत नाही; काही वर्षांनी त्याच जागी दुसरं मूल येतं. कोणतं कुणाचं, कसं सांगणार?

श्रीवत्स त्या कोपऱ्यात फिरला. एका झाडापासून दुसऱ्याकडे गेला, वाकून माती बघितली, परत आला. वीणा माळ धरून उभी होती.

"मला सापडत नाही," तो म्हणाला. "मी आणलं होतं तिला इथे. माझ्या हातांनी ठेवली, आणि मला जागा आठवत नाही, वीणा." आणि इतक्या महिन्यांत प्रथमच तो रडला. उभ्या उभ्या, शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून रडला. आधी मुलगी गेल्यावरही तो असा रडला नव्हता, कारण तेव्हा वीणाला सांभाळायचं होतं.

वीणानं त्याला धरून झाडाखालच्या कट्ट्यावर बसवलं. मग तिनं माळेचा दोरा तोडला, फुलं ओंजळीत घेतली आणि त्या कोपऱ्यात थोडी थोडी सगळीकडे टाकत गेली. काही नव्या मातीवर, काही जुन्या. फुलं संपल्यावर ती येऊन त्याच्या शेजारी बसली.  रघुपती लांबून बघत होता, पण जवळ आला नाही.

परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "घरी काही बोलू नकोस. मी बोलते."

अक्का दारातल्या खुर्चीवर वाट बघत होत्या. दोघं कुठे गेले ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण मल्लिगेच्या माळेवरून त्यांनी ताडलं होतं. वीणा चप्पल काढत होती तेव्हा त्यांनी चाचरत विचारलं, "दिसली का गं जागा?"

श्रीवत्सनं मान खाली घातली. वीणानं दुसरी चप्पल काढून ठेवली.

"दिसली, अत्या," ती म्हणाली. "होंगेच्या झाडाखाली आहे. सावली आहे छान."

अक्का तोंडावर हात धरून रडू लागल्या. वीणा त्यांच्याजवळ गेली नाही. ती आत गेली, तिनं हातपाय धुतले आणि सगळ्यांसाठी कॉफी ठेवली.